रक्ताचा ताळेबंद

पेट्रोल पंपावर गाडी उभी केली की नाकाला जाणवणारा तो किंचित गोडसर, उग्र वास आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. काहींना तो आवडतोही. अनेक द्रव्यांच्या वाफा त्यात मिसळलेल्या असतात आणि बेन्झीन हे त्यांतील एक. औद्योगिक रसायनशास्त्राच्या उभारणीत या द्रव्याचा वाटा मोठा आहे. मात्र रक्ताचे विकार आणि कर्करोग यांच्याशी असलेले त्याचे नाते सिद्ध होण्यास पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. त्या संशोधनाची कहाणी प्रत्येक लघुउद्योजकाने, कामगाराने आणि त्यांच्या कुटुंबीयांनी जाणून घ्यावी अशी आहे.

शोध आणि पहिली धोक्याची सूचना

मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये लंडन येथे दिव्यांच्या तेलवायूपासून उरलेल्या द्रवातून बेन्झीन वेगळे केले. पुढे ते दगडी कोळशाच्या डांबरापासून मोठ्या प्रमाणावर मिळू लागले. रबर, चरबी, राळ असे पदार्थ सहज विरघळविणारे आणि लवकर उडून जाणारे हे द्रावक कारखानदारांना वरदान वाटले. रंग, शाई, गोंद, रबर अशा अनेक उद्योगांत त्याचा शिरकाव झाला.

१८९७ मध्ये स्वीडनमधील सांतेसोन या वैद्यकतज्ज्ञाने उप्साला येथील सायकलच्या टायर कारखान्यातील तरुण कामगार स्त्रियांच्या मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या शरीरात रक्त तयार होण्याची क्रियाच थंडावली होती. त्यानंतर १९२८ मध्ये फ्रान्समधील देलोर आणि बोर्गोमानो यांनी बेन्झीन हाताळणाऱ्या एका कामगाराला झालेल्या रक्तकर्करोगाची, म्हणजेच ल्युकेमियाची, नोंद केली. तरीही एकदोन रुग्णांवरून निष्कर्ष कसा काढावा, हा प्रश्न उरलाच. कामगार आजारी पडत राहिले आणि कारखाने चालू राहिले.

शरीरात नेमके काय घडते?

रक्ताचा कारभार एखाद्या खात्यासारखा चालतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, रक्तबिंबिका म्हणजे प्लेटलेट आठ-दहा दिवसच टिकते, आणि हा सततचा खर्च हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जा नव्या पेशी जमा करून भरून काढते.

श्वासावाटे आत गेलेल्या बेन्झीनचे यकृतात रूपांतर होऊन फिनॉल, हायड्रोक्विनोन यांसारखी द्रव्ये बनतात. ती अस्थिमज्जेत पोहोचली की तेथे त्यांपासून अधिक घातक संयुगे तयार होतात आणि रक्त घडविणाऱ्या मूळ पेशींच्या गुणसूत्रांवर आघात करतात. कधी या मूळ पेशी नष्ट होतात. मग जमेची बाजू आटते, पंडुरोग जडतो, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग सुरू होतात. कधी त्या जगतात, पण बिघडून जगतात. अशा बिघडलेल्या पेशींची बेबंद वाढ म्हणजेच तीव्र मायलॉइड ल्युकेमिया. दोन्ही विकारांचे मूळ एकच, मात्र ल्युकेमिया प्रकट होण्यास अनेक वर्षे जाऊ शकतात. संशोधकांची खरी अडचण होती ती हीच.

इस्तंबूलचा एक प्रश्न

हे कोडे सोडविण्यात तुर्कस्तानचे रक्तविकारतज्ज्ञ डॉ. मुझफ्फर अक्सोय यांचा वाटा मोलाचा आहे. इस्तंबूलमधील चर्मकारांच्या छोट्या कार्यशाळांत १९५५ ते १९६० च्या सुमारास बेन्झीनयुक्त गोंद वापरात आला. पुढील वर्षांत डॉ. अक्सोय यांच्याकडे येणाऱ्या रक्ताच्या रुग्णांत जोडे बनविणारे कारागीर वारंवार दिसू लागले. रुग्णाचा व्यवसाय कोणता, हा साधा प्रश्न त्यांनी चिकाटीने विचारला आणि उत्तरांची नोंद ठेवली.

१९७४ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९६७ ते १९७३ या काळात ल्युकेमिया किंवा त्याची पूर्वावस्था असलेले २६ चर्मकार त्यांना आढळले होते. या व्यवसायातील सुमारे २८,५०० कामगार लक्षात घेता हे प्रमाण वर्षाला लाखात १३ इतके भरत होते. सर्वसाधारण लोकसंख्येत ते लाखात ६ मानले जात होते. म्हणजे धोका दुपटीहून अधिक. हे कारागीर सरासरी दहा वर्षांच्या आसपास बंदिस्त खोल्यांत गोंदाच्या वाफा घेत होते. १९६९ नंतर बेन्झीन हळूहळू हटविण्यात आले आणि काही वर्षांतच नवे रुग्णही कमी होत गेले. कारण दूर केले की परिणाम ओसरतो, हा संशोधनातील अतिशय बोलका पुरावा होय.

न्यायालयात धोक्याचे मोजमाप

अमेरिकेत ओहायो राज्यातील रबरी आवरण बनविणाऱ्या कारखान्यांच्या कामगारांचा अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानेही ल्युकेमियाचा वाढलेला धोका दाखविला. त्या आधारे १९७८ मध्ये तेथील शासनाने कारखान्याच्या हवेतील बेन्झीनची मर्यादा दहा लाख भागांत १० भागांवरून १ भागावर आणली. उद्योगसंस्था न्यायालयात गेल्या. २ जुलै १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. धोका लक्षणीय आहे हे शासनाने आधी दाखवून द्यावे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढे अधिक काटेकोर अभ्यास झाले आणि १९८७ मध्ये १ भागाची मर्यादाच पुन्हा लागू झाली. मधल्या वर्षांत ज्यांनी जुन्या मर्यादेत श्वास घेतला त्यांना ती वर्षे परत मिळणार नव्हती.

ही मर्यादाही अंतिम ठरली नाही. चीनमधील त्यानजिन येथे जोडे बनविणाऱ्या २५० कामगारांची तुलना बेन्झीनशी संबंध नसलेल्या १४० कामगारांशी करण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १ भागापेक्षा कमी प्रमाणातही पांढऱ्या पेशी घटलेल्या आढळल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बेन्झीनची पूर्णपणे सुरक्षित अशी पातळी सांगता येत नाही. हवेच्या एका घनमीटरमध्ये १.७ मायक्रोग्रॅम बेन्झीन आयुष्यभर श्वासात गेल्यास एक लाख लोकांमागे ल्युकेमियाचा एक जादा रुग्ण, असा तिचा अंदाज आहे.

आपल्या देशात

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १९७१ चा बेन्झीनविषयक करार भारताने १९९१ मध्ये स्वीकारला. जेथे कमी घातक पर्याय उपलब्ध असेल तेथे तोच वापरावा, तसेच गरोदर आणि स्तनदा मातांना अशा कामावर ठेवू नये, असे हा करार सांगतो. नोव्हेंबर २००९ मधील राष्ट्रीय मानकांनी बाहेरील हवेसाठी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम ही वार्षिक मर्यादा घातली. १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहा मानकांनुसार पेट्रोलमध्ये बेन्झीन एक टक्क्याहून अधिक असता कामा नये.

कायदा मात्र प्रत्येक गाळ्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. कर्जासाठी लघुउद्योगाची पाहणी करताना आम्ही अधिकारी यंत्रे, मालाचा साठा, विमा, हिशेबाची पुस्तके बारकाईने पाहतो. खिडकी उघडी आहे काय आणि गोंदाच्या डब्यावर काय लिहिले आहे, हे मात्र कोणत्याही पाहणी अहवालात येत नाही. वास्तविक उद्योगाचे सर्वांत मोठे भांडवल त्या खोलीत श्वास घेत असते.

एवढे अवश्य करावे

गोंद, थिनर, रंग यांच्या डब्यांवरील घटक वाचावेत आणि नाव नसलेला सुटा माल स्वस्त म्हणून घेऊ नये. काम मोकळ्या हवेत करावे, वाफा बाहेर ओढणारा पंखा बसवावा. पेट्रोलने हात किंवा यंत्राचे भाग धुऊ नयेत. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणे तर सर्वथा टाळावे. धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात इतरांच्या तुलनेत सुमारे दहापट बेन्झीन जाते, याचाही विसर पडू नये.

द्रावके हाताळणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याने ठरावीक काळाने रक्तपेशींची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी सोपी आणि अल्प खर्चाची आहे. सतत थकवा, वारंवार ताप, हिरड्यांतून रक्त येणे, विनाकारण काळेनिळे डाग उमटणे अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे विलंब न लावता जावे आणि आपण कोणते काम करतो हे त्यांनी विचारले नाही तरी आवर्जून सांगावे.

कर्जखाते एका दिवसात बुडत नाही. हप्ते आधी लांबू लागतात आणि त्याच वेळी लक्ष दिले तर खाते सावरते. रक्ताचेही तसेच आहे. पेशींची घटलेली संख्या ही अनेकदा वेळेवर आलेली सूचना असते. ती वाचण्याची सवय आपण स्वतः लावून घेऊ या आणि आपल्याकडे राबणाऱ्या हातांनाही लावू या.