शंभर टक्के वापर म्हणजे शंभर टक्के काम नव्हे

पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला, तो एनव्हीडियाच्या ए१०० ग्राफिक्स कार्डांच्या बळावर. सर्व्हरमधलं असं एक कार्ड ऐन भरात ४०० वॅटपर्यंत वीज घेतं. नंतरचं एच१०० तर ७०० वॅटपर्यंत. इतकी महागडी यंत्रणा रात्रभर नेमकं काय करते, हे मालकाला कळायलाच हवं.

‘एनव्हीडिया-एसएमआय’ ही आज्ञा दिली की कार्डाची त्या क्षणाची स्थिती दिसते. मध्यरात्री काय बिघडलं, हे मात्र सकाळी त्यातून उमगत नाही. त्यासाठी सतत नोंद हवी, आणि ती ठेवणारी साधनं मोफत मिळतात. ‘डीसीजीएम-एक्सपोर्टर’ सर्व्हरवर चालतो आणि कार्डांची आकडेवारी ९४०० क्रमांकाच्या पोर्टवर मांडतो. ‘प्रोमिथियस’ ती ठरावीक अंतराने गोळा करून साठवतो. ‘ग्राफाना’ तिचे आलेख ब्राउझरमध्ये दाखवतो. तयार डॅशबोर्डही मिळतो, त्यामुळे जोडणी अवघड नाही.

अवघड आहे ते आलेख वाचणं. ‘वापर’ या आकड्यावर सगळ्यांची नजर आधी जाते, आणि तोच सर्वाधिक फसवतो. कार्डावर एखादं तरी काम चालू होतं असा वेळ किती, एवढंच तो सांगतो. हजारो गणनकेंद्रांपैकी मोजकीच राबत असली, तरी आकडा शंभर दिसू शकतो. म्हणून शेजारी विजेचा आलेख ठेवा. वापर शंभर टक्के आणि वीज मात्र मर्यादेच्या निम्मीही नाही, असं दिसलं तर कार्ड बहुधा पूर्ण ताकदीनं राबत नाही. दोष प्रोग्रॅममध्ये शोधा. तापमान चढलं आणि घड्याळगती उतरली, तर शीतकरण तपासा. कार्डाचा ड्रायव्हर नोंदवतो त्या ‘एक्सआयडी’ त्रुटीही पाहत जा. त्यातल्या ७९ क्रमांकाचा अर्थ, कार्डाचा सर्व्हरशी संपर्कच तुटला.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. ग्राफानाचा मूळ पासवर्ड बदला आणि या साधनांची पोर्ट इंटरनेटवर उघडी ठेवू नका. प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचीच नोंद ठेवतो. महिन्यांची तुलना हवी असेल तर ती मुदत वाढवा.

शेवटी, चोवीस तास पडद्याकडे कोणी बघत बसत नाही. तापमान आणि त्रुटींचे इशारे थेट जबाबदार माणसाच्या फोनवर जातील अशी सोय करा. त्याशिवाय हे काम पुरं झालं असं समजू नका.