दिल घिरदा है

पंजाबी बाई छातीवर हात ठेवून म्हणते, "दिल घिरदा है." काळीज खाली खाली चाललंय. समोरची सिस्टर केरळहून आलेली असेल, तर ती आधी ईसीजी काढेल. काढायलाच हवा. पण ईसीजी साफ आला तर?

इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या पंजाबी कुटुंबांत इंगा-ब्रिट क्राउझ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी या शब्दांचा माग काढला आणि १९८९ साली तो मांडला. काळजी, अब्रूची भीती आणि छातीतली खरीखुरी धडधड, सगळं त्या एका वाक्यात नांदत होतं. आपणही 'जीव खालीवर होतोय' म्हणतो. हा जीव कुठल्या अवयवात असतो, सांगा बघू!

शब्दांचं सोडा, सुराचं काय? लंडनच्या संशोधकांना दिसलं होतं की घरात टोचून बोलणं जास्त असेल, तर स्किझोफ्रेनिया उलटण्याचा धोका वाढतो. घरच्यांशी गप्पा टेप करायच्या आणि आवाजाच्या सुरावरून टीका मोजायची, अशी त्यांची रीत. पण इंग्रजीवर तयार झालेला कान हिंदीतला टोमणा ओळखेल? १९६३ साली चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत मनोविकार विभाग सुरू करणारे डॉ. नरेंद्रनाथ विग आणि लंडनचे ज्युलियन लेफ यांच्या चमूने आधी हा कानच तपासला, मग घरं. १९८७ साली निष्कर्ष आले: चंदीगड परिसरात असं बोलणं लंडनपेक्षा बरंच कमी, खेड्यांत तर आणखी कमी. वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाणही कमीच.

मोजणाऱ्याचा कान तपासलाच नाही, तर काय होतं? १८५१ साली अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने पळून जाणाऱ्या काळ्या गुलामांना चक्क एक मनोविकार चिकटवला: ड्रेपटोमेनिया. स्वातंत्र्याची ओढ हाच रोग!

असा शिक्का नकळतही बसू शकतो. मनोरुग्णांच्या वॉर्डात रात्रभर जागी असते ती सिस्टर. 'रुग्ण हट्टी आहे' असं तिने लिहिलं, की पुढचे सगळे त्याला त्याच नजरेने पाहतात. न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन म्हणूनच आग्रह धरत, की सेवा सुरक्षित वाटली की नाही, हे ती घेणाऱ्याने ठरवावं.

तेव्हा सिस्टर, नाडी जरूर बघा. मग स्टूल ओढून बसा, दिल कशानं घिरतंय ते विचारा, आणि उत्तर त्या बाईच्याच शब्दांत लिहून ठेवा.