सातबारा कागदावर, बांध जमिनीवर

जमीन खरेदी करताना आपला सर्वाधिक विश्वास असतो तो सातबाऱ्यावर. त्यात गैर काही नाही. भोगवटादाराचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, बँकेचा वा सोसायटीचा बोजा, पिकांची नोंद हे सारे त्यातून कळते. परंतु ते क्षेत्र जमिनीवर नेमके कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे सातबारा सांगत नाही. खरेदीखतातील चतुःसीमाही येथे अपुरी पडते. ‘पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा’ असे तीत लिहिलेले असते. ते शेत पुढे तीन भावांत वाटले गेलेले असते, आणि ओढा तर पावसाळ्यागणिक आपला काठ बदलत असतो!

कर्जप्रकरणात बँक वकिलांकडून मालकीहक्काचा शोध घेते, मूल्यांकनकाराकडून किंमत काढून घेते. शोध अहवाल निर्दोष म्हणजे हद्दही निर्दोष, असे मानणारे ग्राहक पुष्कळ आहेत. खरे सांगायचे तर कर्मचारीही आहेत. हद्द निश्चित करणे हे मात्र भूकरमापकाचे काम आहे.

आपला गुंठा हा मुळात मोजणीच्या साखळीचेच अपत्य आहे. ३३ फुटांची साखळी लांबीला एकदा व रुंदीला एकदा टाकली की १,०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमीनमोजणी व आकारणीची जी पद्धत बसविली, तीच पुढे मुंबई इलाख्यात रूढ झाली. १९४७ च्या कायद्यानुसार झालेल्या एकत्रीकरणात अनेक गावांतील जुने सर्व्हे नंबर जाऊन गट क्रमांक आले. त्यानंतरच्या वाटण्यांपैकी कित्येक केवळ घरच्या घरी, तोंडी झाल्या. सातबाऱ्यावर तिघा भावांची नावे आली, पण पोटहिस्से नकाशावर उतरलेच नाहीत. अशा गटातील ‘रस्त्यालगतचे १० गुंठे’ विकत घेणाऱ्याने ते कोणाच्या वाट्याचे, हे आधी विचारलेले बरे.

शिवाय बांध कोरला जातो. दरवर्षी नांगराचे एखादे तास पुढे सरकते, कोणाच्या लक्षातही येत नाही. दहा साखळ्या, म्हणजे ३३० फूट लांबीचा बांध सव्वातीन फूट सरकला की जवळजवळ एक गुंठा गेला. शहराच्या सीमेवरील गावांत आज एका गुंठ्यासाठी सख्खे भाऊ न्यायालयाची पायरी चढतात.

खासगी सर्वेक्षकाचा टोटल स्टेशनवर काढलेला नकाशा बांधकामाच्या आखणीला, चढउतार समजण्याला उत्तम. तथापि तो बहुधा प्रत्यक्ष वहिवाट दाखवितो. मूळ अभिलेखाशी ती जुळते की नाही, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज करावा लागतो. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, त्यांच्या समक्ष मोजणी होते आणि नकाशाची ‘क’ प्रत मिळते. मोजणी मान्य नसल्यास वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत निमताना मोजणी मागता येते. मात्र भूकरमापक अतिक्रमण दाखवितो, हटवीत नाही. ताब्यासाठी दाद अन्यत्रच मागावी लागते.

येथे एक अडचण आहे. अर्ज करावयाचा तो अभिलेखात नाव असलेल्या धारकाने. खरेदीदाराचे नाव तर अजून लागलेले नसते. म्हणून साठेखतातच अट घालावी, की विक्रेत्याने मोजणी करून द्यावी आणि किंमत मोजणीअंती भरेल त्या क्षेत्रावर ठरावी. या अटीला खळखळ करणारा विक्रेता पुष्कळ काही न बोलताच सांगून जातो. बदलीच्या नोकरीमुळे इंदूर-बडोद्याकडे राहून गावी जमीन घेणाऱ्यांनी तर ही अट सोडूच नये. मोजणीच्या दिवशी आपण स्वतः किंवा जाणकार नातेवाईक हजर राहील, अशी व्यवस्था करावी.

मोजणी झाल्यावर दाखविलेल्या खुणांवर त्याच दिवशी दगड रोवून घ्यावेत. ‘क’ प्रतीची छायाप्रत घरी ठेवावी. मूळ कागदपत्रे तारणापोटी बँकेच्या तिजोरीत असतात, आणि बांधावरची तक्रार बहुधा मृगाच्या तोंडावर, नांगर शेतात उतरल्यावरच उभी राहते.