आधी कोणाला घ्यायचं?



आपल्या अष्टमीच्या नावावरून अष्टमकर आडनाव घेतलेली बेने इस्रायल कुटुंबं आपल्याला ठाऊक आहेत. त्या समाजातले बरेच लोक इस्रायलला गेले, पण आपल्या इच्छेने. निर्वासिताचं तसं नसतं. तो जीव वाचवायला घर सोडतो आणि परत जाऊ शकत नाही.

असे लोक आपल्या महाराष्ट्रातही राहून गेले. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं. तिथून सुटून ती इराणमार्गे इथे आली. युद्ध संपलं तेव्हा अनेकांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती. मग जायचं कुठे? जिचा नवरा किंवा मुलगा ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या पोलिश सैन्यात होता, तिला ब्रिटनचं दार उघडलं. काही जणी पोलंडला परतल्या, काहींना पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत जावं लागलं. थोडक्यात, तिथे नातं कामी आलं.

आज हे काम संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था पाहते. रेशनच्या रांगेसारखा इथे नंबर लागत नाही. दवाखान्यात अडलेली बाळंतीण आली की तिला आधी आत घेतात ना, तसंच. जिवाला धोका असलेले, छळ सोसलेले, जिथे आहेत तिथे उपचार न मिळणारे आजारी, एकट्या पडलेल्या बायका-मुली, धोक्यातली मुलं, कुटुंबापासून तुटलेले आणि दुसरा कुठलाच मार्ग नसलेले, यांचा विचार आधी होतो. अगदी तातडीचं प्रकरण सात दिवसांत मार्गी लागावं, त्याखालचं सहा आठवड्यांत आणि बाकीचं वर्षभरात, असं धोरण आहे.

पण संस्था फक्त नाव सुचवते. घ्यायचं की नाही, ते त्या-त्या देशाचं सरकार ठरवतं. जगातल्या शंभर निर्वासितांतल्या एकालाही ही संधी पुरती मिळत नाही. या कामाला एक पैसाही लागत नाही. नंबर लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर ती फसवणूक समजा.

उरलेल्यांतले बरेच जण शेजारच्याच मुलखात थांबतात. त्यांचे दिवस कसे जातील, ते शेजाऱ्यांवर असतं. वळिवड्याच्या त्या मुलांनी म्हातारपणीही कोल्हापूरची आठवण काढली, इथे येऊन स्मारक उभारलं. शेजार चांगला मिळाला, म्हणूनच ना?