हवेच्या गनला तेल का पाजायचं?

हायवेलगतच्या टायरच्या दुकानात ट्रकच्या चाकाचे नट खोलणारी हवेची गन कधी ना कधी ढिली पडतेच. जो नट पूर्वी दोन सेकंदांत सुटायचा, त्याच्याशी ती नुसती खडखडत बसते. मग कंप्रेसरचं प्रेशर वाढवलं जातं. तेवढ्याने काही दिवस निभावतं, पुन्हा कुरकुर सुरू झाली की लांब दांड्याचा पाना बाहेर निघतो आणि शेवटी ‘मालच हलका होता’ असा शेरा मारून नवी गन आणली जाते. माल कधीकधी खरंच हलका असतो. पण बऱ्याचदा त्या गनच्या पोटात कित्येक महिन्यांत तेलाचा थेंबही गेलेला नसतो. तेल घातलं नाही तर यंत्र झिजतं, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. हवेच्या यंत्रांची गोष्ट त्याच्या एक पाऊल पुढची आहे. इथे तेल नसेल तर झीज दिसायच्या आधीच ताकद गळायला लागते, आणि त्या गळतीचे पैसे दर महिन्याला विजेच्या बिलातून जातात. तेलाची बाटली वाचवणारा दुकानदार वीज उधळत असतो, असं माझं म्हणणं आहे.

त्यासाठी गन आतून पाहायला हवी. मुठीत मावेल एवढा पोलादी सिलिंडर असतो. त्याच्या मधोमध नव्हे, तर जरा एका बाजूला सरकवून एक रोटर बसवलेला असतो. रोटरला लांबीभर पाच-सहा खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक पातळ पातं सैलसर बसतं. हे पातं पोलादाचं नसतं. कापडाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये दाबून केलेली ती तपकिरी पट्टी असते, आणि कडेने पाहिलं तर विणीच्या रेषा दिसतात. रोटर फिरला की पाती बाहेर फेकली जातात आणि सिलिंडरच्या भिंतीला टेकतात. दोन पात्यांमध्ये जो कप्पा तयार होतो, त्यात शिरलेली दाबाची हवा पात्याला ढकलत पुढे जाते आणि कप्पा मोठा झाला की बाहेर पडते. यंत्र एवढंच. ना कॉइल, ना कार्बन ब्रश. मोकळं सोडलं तर नट खोलायची गन मिनिटाला सात-आठ हजार फेरे सहज घेते, छोटा डाय ग्राइंडर वीस हजारांच्या वर जातो. एवढ्या वेगात प्रत्येक पात्याची कड भिंतीवर सतत घासत असते आणि शिवाय प्रत्येक फेऱ्यात पातं खाचेत आत-बाहेर होतं.

या यंत्राला गॅस्केट नाही, पिस्टनला असते तशी रिंग नाही. पात्याची कड आणि भिंत यांच्यामधली फट बुजवणारी एकच गोष्ट आतमध्ये असते : तेलाचा अतिशय पातळ थर. तो असला की दाबाची हवा पात्याला ढकलते. तो नसला की हवेचा काही भाग कडेवरून निसटून थेट बाहेरच्या भोकातून जातो. त्यातच कोरडं पातं खाचेत अडखळतं, वेळेवर बाहेर येत नाही, आणि तो कप्पा बिनकामाचा होतो. गन ढिली पडते ती इथे. पाती अजून शाबूत असतील तर पाच थेंब तेलाने तीच गन पुन्हा ताकद धरते. नुसती झीज असती तर तेलाने ती भरून निघाली नसती.

आता पैशांकडे वळू. दाबाची हवा ही कारखान्यातली सर्वांत महाग ऊर्जा आहे. हवेच्या मोटरकडून एक हॉर्सपॉवर काम घ्यायचं तर कंप्रेसरच्या विजेच्या मोटरला सात ते आठ हॉर्सपॉवर खर्ची घालावी लागते. बाकीची बहुतेक ऊर्जा हवा दाबताना निघणाऱ्या उष्णतेत जाते. इतक्या महागाने मिळालेल्या हवेचा काही हिस्सा पात्याच्या कडेवरून फुकट जाऊ देणं मुळातच आतबट्ट्याचं. त्यावर आपण उपाय काय करतो, तर प्रेशर वाढवतो. बहुतेक गन ९० पीएसआयसाठी बनवलेल्या असतात. कंप्रेसर १२० वर नेला की दाब साधारण दोन बारने वाढतो, आणि दर बारमागे कंप्रेसरची वीज सुमारे ७ टक्क्यांनी चढते हा या क्षेत्रातला सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजे १४ टक्के वीज जास्त, सांध्यासांध्यांतली गळती जास्त आणि त्या कोरड्या पात्यांवरचा ताणही जास्त. तेलाची बाटली शे-दोनशे रुपयांची असते, पण ती हातात घेऊन विकत आणावी लागते म्हणून डोळ्यांत खुपते. वाढलेली वीज बिलात कुठे गेली हे कोणाला दिसत नाही.

तेलाचं दुसरं मोठं काम गंज रोखण्याचं, आणि आपल्या हवामानात ते कमी लेखून चालणार नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवा ३० अंश सेल्सियस आणि आर्द्रता ८० टक्के धरली, तर एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. सात बारपर्यंत दाबताना आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली जाते, म्हणजे वाफ झाली १९० ग्रॅमच्या वर. पण दाब कितीही असो, ३५ अंशांवरची एक घनमीटर जागा चाळीस ग्रॅमहून जास्त वाफ धरू शकत नाही. उरलेल्या दीडशे ग्रॅमचं पाणी होणारच. या हिशेबाने पाच हॉर्सपॉवरचा कंप्रेसर तासभर सलग चालला तर अर्ध्या लिटरहून जास्त पाणी निघतं. टाकी गरम असेल तर त्यातलं काही तिथे न थांबता पुढे पाइपात आणि गनमध्ये जाऊन गार होतं. त्यात भर म्हणजे गनमधून बाहेर पडताना हवा फुगते आणि एकदम थंड होते. सलग चालणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी बर्फाचा पांढरा थर धरतो तो यामुळे. दिवसभर काम करून खुंटीला टांगलेल्या गनमध्ये रात्रभर हे पाणी बसून राहतं. सकाळी सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे बारीक ठिपके असतात, आणि पहिल्याच फेऱ्यात पाती त्यांच्यावरून पॉलिश पेपरवर घासावीत तशी घासली जातात.

म्हणून तेलाच्या आधी पाणी काढलं पाहिजे. टाकीखालचा ड्रेन कॉक रोज उघडायला हवा, आणि मुख्य पाइपातून फाटा घ्यायचा तो वरच्या अंगाने, म्हणजे पाइपाच्या तळाशी साचलेलं पाणी त्यात उतरत नाही. पाण्यावर तेल ओतत राहिलं तर आत पांढुरका चिकट लगदा होतो आणि मग दोष तेलाला दिला जातो.

यावर एक आक्षेप हमखास येतो : कंप्रेसरमध्ये तेल असतंच, ते थोडंफार हवेबरोबर येतं, मग वेगळं कशाला? हा तर्क वरवर पटण्यासारखा आहे, पण कंप्रेसरमधून निसटलेलं तेल तिथल्या उष्णतेने जळून-करपून आलेलं असतं. त्यात वंगण उरलेलं नसतं. पाण्यात कालवलेलं ते चिकट काजळ पात्यांच्या खाचा बुजवतं. ते गाळून टाकायचं असतं, वापरायचं नसतं. दुसरा सोपा मार्ग म्हणजे गाडीचं उरलंसुरलं इंजिन ऑइल. ते हवेच्या मोटरला फार जाड पडतं, थंड झालेल्या टोकाला आणखी घट्ट होतं, आणि त्यातले मळ धुणारे घटक पाण्याशी मिसळून गाळ करतात. गंज सोडवायचे स्प्रे अडकलेली गन सुटी करायला ठीक, पण त्यांतला द्रावक असलेलं तेलही धुऊन नेतो. लागतं ते हलकं, गंजरोधक तेल, आयएसओच्या मोजमापात २२ किंवा ३२ जाडीचं. ‘एअर टूल ऑइल’ म्हणून ते हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

सगळ्याच हवेच्या यंत्रांना मात्र हे पातळ तेल चालत नाही. महाराष्ट्राच्या काळ्या कातळात विहीर खोदताना ट्रॅक्टरवरच्या कंप्रेसरने जॅकहॅमर चालवून सुरुंगाची भोकं पाडतात. तिथे मोटर फिरत नाही, जड पिस्टन मिनिटाला दोनेक हजार ठोके देतो. अशा ठोक्यांखाली पातळ तेल टिकतच नाही. रॉक ड्रिलसाठी १०० किंवा त्याहून जास्त जाडीचं, धातूला चिकटून राहणारं आणि पाण्यातही न सुटणारं तेल लागतं, आणि ते पाइपातच बसवलेल्या ऑइलरमधून सतत जावं लागतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीत कास्टिंगवरची फाजील धातू उडवणाऱ्या चिपिंग हॅमरचं आणि शेजारच्या ग्राइंडरचं काम वेगळं, म्हणून त्यांचं तेलही एक असू नये.

सतत तेल देण्याची युक्ती याच खडकफोडीच्या जगातून आली, यात नवल नाही. अमेरिकेत डेन्व्हरला, खाणींच्या मुलखात, कार्ल नॉर्ग्रेन यांनी १९२०च्या दशकात हवेच्या वाटेतच तेलाचं धुकं सोडणारा ल्युब्रिकेटर बनवला. आज भिंतीवर दिसणाऱ्या एफआरएलमधला (फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) शेवटचा पारदर्शक पेला तोच. अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि पेल्यातलं तेल वर चढून थेंबाथेंबाने हवेत पडतं. मिनिटाला एक-दोन थेंब ही सुरुवातीची बेतशीर मात्रा, पुढे यंत्राच्या पुस्तकात असेल ती. हा पेला यंत्रापासून पंधरा-वीस फुटांच्या आत हवा. लांब पाइपात धुकं भिंतीला चिकटून खाली बसतं आणि गन कोरडीच राहते. मात्रा बरोबर आहे का हे पाहायला साधा कोरा कागद पुरतो. हवा बाहेर पडते तिथे तो काही क्षण धरावा. पुसट तेलकट डाग पडला तर ठीक, कागद कोराच राहिला तर तेल पोचत नाही, ओला झाला तर जास्त होतंय.

जास्तीचं तेल हा खरा प्रश्न आहे आणि तेलाच्या विरोधकांचा तो सर्वांत सबळ मुद्दा आहे. गनमधून निघालेलं धुकं कामगाराच्याच नाकात जातं. अमेरिकेच्या ओशा या यंत्रणेने कामाच्या जागी खनिज तेलाच्या धुक्याची मर्यादा घनमीटरला ५ मिलिग्रॅम ठरवली आहे. रंगाच्या गनला तेल सोडलेल्या पाइपातून हवा दिली तर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात, म्हणून रंगाचा पाइप कायम वेगळाच हवा. औषधं आणि अन्न तयार होतं तिथे साधं तेल हवेत सोडणं बादच. अशा जागांसाठी तेलाशिवाय चालणाऱ्या मोटर निघाल्या. त्यांची पाती स्वतःच घसरडी असतात. त्या चांगल्या आहेत, फक्त तेवढ्याच आकारात थोडी कमी ताकद देतात आणि पाती लवकर बदलावी लागतात. कारखान्यातले हवेचे सिलिंडर आणि व्हॉल्व्हही हल्ली आतून ग्रीस भरूनच येतात, त्यांना तेल लागत नाही. त्यांच्या वाटेत एकदा तेल सोडलं की मूळचं ग्रीस धुऊन जातं आणि मग ते कायमच द्यावं लागतं. तेव्हा सरसकट सगळ्यांना तेल पाजा, असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. पण टायरच्या दुकानातली गन या अपवादांत बसत नाही.

दातांच्या डॉक्टरांचं उदाहरण इथे बोलकं आहे. १९५७ मध्ये आलेल्या बोर्डेन एअरोटर या हँडपीसने दात कोरायचा वेग मिनिटाला तीन लाख फेऱ्यांपर्यंत नेला, तोही हवेवरच. तोंडात जाणाऱ्या या हँडपीसमध्ये तेल नकोसं वाटावं, पण साध्या बेअरिंगच्या हँडपीसला निर्जंतुक करण्याआधी दर वेळी तेलाचा फवारा द्यावाच लागतो. रुग्णालयाच्या शिस्तीत जे जमतं ते गॅरेजला जमू नये, असं काही नाही.

करायचं फार थोडं आहे. कपलर काढावा, हवा शिरते त्या तोंडात चार-पाच थेंब टाकावेत, बाहेर पडणाऱ्या हवेवर फडकं धरून गन काही सेकंद मोकळी फिरवावी. सकाळपेक्षा हे काम संध्याकाळी, गन ठेवून देताना करणं जास्त गरजेचं, कारण गंज रात्री धरतो. गनमधला ठोके देणारा पुढचा हॅमर या तेलाने भिजत नाही, त्याला त्याचं ग्रीस वेगळं द्यावं. आणि कंप्रेसर बंद पडला म्हणून गॅस कटिंगच्या ऑक्सिजनवर गन चालवायचा मोह कोणाला झाला तर त्याला तिथेच अडवा. तेल आणि दाबाचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

गन ढिली वाटली तर प्रेशरच्या नॉबला हात लावण्याआधी पाच थेंब तेल घालून पाहा.