अस्थिजनन व वनस्पतिज संयुगे
हाड मोडल्यावर तेथे प्रथम शोथ (दाहयुक्त सूज) येतो. महाभक्षी कोशिका (जंतू व मृत ऊतक गिळणाऱ्या पेशी) जागा साफ करतात आणि टीएनएफ-आल्फासारखी शोथकारक प्रथिने स्रवतात. काही दिवसांनी त्यांचा पालट होऊन शोथशामक प्रथिने स्रवू लागतात. मग अस्थिजनक कोशिकांचे कार्य जोम धरते. शोथ रेंगाळल्यास मात्र अस्थिभक्षी कोशिका वाढून हाड झिजते.

हळदीतील कुर्क्युमीन हे पिवळे संयुग १८१५ मध्ये वेगळे करण्यात आले. त्याची संरचना १९१० मध्ये निश्चित झाली. शोथकारक जनुके कार्यान्वित करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनास ते रोखते. अस्थिभक्षी कोशिका तयार होण्यासही हेच प्रथिन लागत असल्याने लाभ दुहेरी दिसतो. तथापि हे निष्कर्ष मुख्यतः कोशिका-संवर्धने व प्रयोगशाळेतील प्राणी यांवरील आहेत. पोटात घेतलेले कुर्क्युमीन फारच थोडे शोषले जाते. त्यामुळे हळद घातलेले दूध घरोघरी रूढ असले, तरी त्याने हाड लवकर सांधते असे त्यावरून म्हणता येत नाही. शिवाय आरंभीचा शोथ अस्थिसंधानास आवश्यकच असतो. तो सरसकट दडपल्यास सांधणे लांबू शकते. म्हणून सच्छिद्र आधारकात कुर्क्युमीन भरून ते मोडलेल्या जागीच सावकाश झिरपू देण्याचे प्रयोग प्राण्यांवर करण्यात आले आहेत.