उद्यांचें वर्कस्टेशन

पुलांचे व यंत्रांचे आराखडे करणाऱ्या अभियंत्याच्या भारी लॅपटॉपला मोबाईल वर्कस्टेशन म्हणतात. थिंकपॅडच्या घराण्यांतलें पुढचें वर्कस्टेशन कसें असेल, याविषयीं आज थोडा तर्क करूं.

बाह्य रूप फारसें बदलेल असें वाटत नाहीं. १९९२ सालच्या ७००सीची काळी पेटी रिचर्ड सॅपर यानें आय. बी. एम.करितां जपानी जेवणाच्या डब्यावरून योजिली. २००५ सालीं हा धंदा लेनोवोकडे गेला, तरी पेटीचें रूप टिकलें.

खरा प्रश्न पोटांतला. यंत्र पातळ करण्यासाठीं स्मृतीच्या चिपा मुख्य फलकास डाख देऊन कायमच्या जोडतात. एक बिघडली कीं सारा फलक बदला! हा शुद्ध उधळेपणा होय. २०२४ सालीं पी१च्या सातव्या पिढींत लेनोवोनें स्क्रूनें बसणारी एलपीकॅम२ ही स्मृतिपट्टी घातली. ती वीज थोडी खाते आणि काढतांही येते. पुढील यंत्रांत तीच असेल, असा माझा होरा आहे.

उष्णतेपुढें मात्र युक्ती चालत नाहीं. चित्रें रेखणारी चिप तापली कीं आपला वेग आपणच उतरविते. पंख्यास हवा हवी, हवेस जागा हवी. म्हणून पातळपणाची शर्यत आतां थांबेल. किंबहुना पेटी दोन-तीन मिलिमीटर जाडच होईल.